दम लागतो म्हणजे नेमकं काय होतं?



सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. आमच्या नावामागे जे 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातल्या पीएच.डी.चं. तरीसुद्धा दारावरची पाटी वाचून छातीचा एक्स-रे घेऊन येणारी माणसं आम्हाला अधूनमधून भेटतात. आम्ही त्यांना चहा देतो आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाचा, नाहीतर मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता दाखवतो. मग आज दम लागण्यावर बोलायला आम्ही कशाला उभे राहिलो? औषध देणं वैद्याचं काम, पण लक्षणावरून कारणाकडे कसं जायचं हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. आणि दम लागणं या एका लक्षणाच्या बाबतीत आपल्या दोन्ही तालुक्यांत त्याचं उत्तर फार झटकन दिलं जातं. 'दमा आहे', नाहीतर 'आता वय झालं'. ही दोन उत्तरं आली की पुढचं विचारणं थांबतं. आमचं आजचं बोलणं आहे ते या थांबण्याबद्दल.

आधी हे बघू, की दम लागतो तेव्हा शरीरात होतं काय. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, दर खेपेला अर्धा लिटर हवा आत-बाहेर करते. हे आपल्याला कळतही नाही. मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकाला, एक केंद्र आहे, ते रात्रंदिवस हुकूम सोडत असतं. त्या केंद्राचं मुख्य लक्ष असतं रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर. नाक दाबून बसा, थोड्या वेळात जी तगमग होते ती प्राणवायू संपला म्हणून होत नसते, कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून होते. प्राणवायूवर पाळत ठेवणारी दुसरी चौकी गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ आहे, पण ती जरा उशिरा जागी होते.

आता हुकूम सुटला, तो छातीच्या स्नायूंपर्यंत पोचला, छाती फुगली. छाती किती फुगली याचा निरोप उलट मेंदूकडे जातो. जेवढं मागितलं तेवढं मिळालं, तर हिशोब मिटला. मागितलं पाच पायली आणि आलं तीन पायली, तर मेंदू हाकाटी करतो. त्या हाकाटीचं नाव धाप. कॅम्पबेल आणि हॉवेल या दोन डॉक्टरांनी १९६३ साली ही मांडणी केली, पुढे तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकून आहे. धाप म्हणजे मागणी आणि पुरवठा यांतली तफावत जाणवणं. माहुलीचा गड चढताना सगळ्यांनाच दम लागतो, कारण मागणी वाढलेली असते. पाच मिनिटं दगडावर टेकलं की मिटतं. त्याला आजार म्हणत नाहीत. तेवढंच काम मागच्या वर्षी दम न लागता होत होतं आणि यंदा होत नाही, तर मात्र हिशोबात कुठेतरी गळती आहे.

गळती कुठे आहे, हा खरा प्रश्न. आणि इथे आमच्या नैयायिकांची आठवण येते. तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठात विद्यार्थ्याला डोंगर दाखवतात, डोंगरावर धूर दाखवतात, आणि धुरावरून अग्नीचं अनुमान करायला शिकवतात. धूर आहे तिथे अग्नी असतोच, याला व्याप्ती म्हणायचं. पण उलट चालत नाही. अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कधी? जळण ओलं असेल तेव्हा. हे ओलं जळण म्हणजे 'उपाधी', मधे लपलेली अट. आम्ही हा पाठ वर्षानुवर्षं खडूने फळ्यावर शिकवला. श्रावणात डोळखांबच्या बाजूच्या एखाद्या घरात जा, ओली लाकडं चुलीत घातलेली असतात आणि आढ्यापर्यंत धूर कोंडलेला असतो. तिथल्या बाईला उपाधी समजावून सांगावी लागत नाही.

तर मुद्दा असा. 'दम लागतो, म्हणून छातीचा आजार आहे' हे अनुमान पक्कं नाही. छातीच्या आजारात दम लागतो हे खरं, पण रक्त कमी असलं तरी लागतो, हृदय दमलं तरी लागतो, साप चावून स्नायू लुळे पडले तरी लागतो, मूत्रपिंडं थकून अंगात पाणी साठलं तरी लागतो, आणि मनाला भीतीचा झटका आला तरी लागतो. हेतू एक आणि साध्यं अनेक. असा हेतू कोर्टात टिकत नाही, दवाखान्यात तरी का टिकावा?

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना हे कळत होतं. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार केले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. क्षुद्र म्हणजे श्रमाने लागणारा, आपोआप शमणारा. तमक म्हणजे साधारण आजचा दमा, ज्यात आडवं पडवत नाही, बसलं की बरं वाटतं. आणि कारणांत धूळ आणि धूर यांचा उल्लेख तिथेही आहे. त्या वर्गीकरणाने आज उपचार करा असं आम्ही म्हणत नाही. पण पाच वेगळी नावं होती. आपण सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलंय.

खरं तर आपल्या बोलीत शब्दांची कमी नाही. छाती आवळते. हवा पुरत नाही. श्वास ओढावा लागतो. छातीत सुंसुं वाजतं. आडवं पडलं की जीव कासावीस होतो. हे सगळं डॉक्टरच्या टेबलापाशी गेलं की 'दम लागतो' एवढंच उरतं, कारण मागे चाळीस माणसं रांगेत असतात. हे शब्द निव्वळ अलंकार नव्हेत. छाती आवळल्याची भावना बहुधा श्वासनळ्या आकसल्यावर येते, म्हणजे खऱ्या दम्यात. श्वास ओढायला मेहनत पडते असं माणूस म्हणतो तेव्हा स्नायूंवर ओझं पडलेलं असतं. 'हवा पुरत नाही' ही तिसरीच तऱ्हा. म्हणून आमची पहिली विनंती, दवाखान्यात जाताना 'दम लागतो' म्हणून थांबू नका. कसा लागतो ते आपल्या भाषेत सांगा. प्रमाण मराठीत सांगायची अजिबात गरज नाही.

आता छातीचंच बोलू, कारण आपल्या भागात तिची कारणं भरपूर आहेत. खरा दमा येतो-जातो. पहाटे छळतो, दुपारी माणूस ठणठणीत असतो. भात झोडताना, पेंढा रचताना उठतो. लहानपणापासून असू शकतो, घराण्यात असतो. त्याच्याहून वेगळा आणि जास्त लबाड आजार म्हणजे ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. तो येतो-जात नाही. येतो आणि राहतो. श्वासनळ्या अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे फुगे आपला ताण गमावतात आणि सैल पडतात. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की अडचण हवा आत घेण्याची नसते, बाहेर टाकण्याची असते. जुनी हवा बाहेर जात नाही, म्हणून नवी आत येत नाही. शिळ्या पाण्याने भरलेल्या हंड्यात ताजं पाणी किती भरणार? चालायला लागलं की श्वास भराभर घ्यावा लागतो, बाहेर टाकायला आणखी कमी वेळ मिळतो, आणि छाती फुगून बसते.

बरीच वर्षं हा बिडी-सिगारेटवाल्यांचा आजार म्हणून शिकवला गेला. पुस्तकं लिहिणारे देश थंड, तिथे बायका चुलीपुढे बसत नव्हत्या. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहून दाखवलं, की कधीही धूम्रपान न केलेल्या माणसांतही हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्याचं एक मोठं कारण घरातला धूर आहे. लाकूड, गोवऱ्या, काटक्या. म्हणजे बिडी न ओढता बिडीचा आजार. आमच्या पट्ट्यातली एखादी आजी घ्या. बाराव्या-तेराव्या वर्षी चुलीपुढे बसली. रोजचे तीन तास धरले, चाळीस वर्षं धरली, तर जवळजवळ ४४ हजार तास होतात. तेही फुंकणी तोंडाला लावून, तोंड धुरात खुपसून. ती दवाखान्यात जाते, तिला विचारतात, 'आजी, तंबाखू, बिडी?' ती म्हणते, 'छे, मिसरी तेवढी लावते.' कागदावर लिहिलं जातं, धूम्रपान नाही. चुलीसाठी त्या कागदावर रकानाच नसतो.

उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर बऱ्याच घरांत पोचले, हे चांगलंच झालं. पण चहा गॅसवर, आणि भाकर, आंघोळीचं पाणी चुलीवर, असं पुष्कळ घरांत चालतं. टाकी परत भरायचे पैसे आणि रानातलं फुकटचं लाकूड यांत कोण जिंकणार हे सांगायला अर्थशास्त्री नको. शिवाय आपल्याकडे राब भाजणी असते. फाल्गुन-चैत्रात शेतात पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात, त्यावर पुढे भाताचं रोप टाकायचं. पिढ्यान् पिढ्यांची शेती ती, तिला नावं ठेवायला आम्ही शहरातून आलेलो नाही. पण ज्याची छाती आधीच दुबळी आहे त्याने त्या दिवशी वाऱ्याच्या खाली उभं राहू नये, एवढं तर घरात ठरवता येतं.

दिवाळीनंतर आपले कातकरी बांधव उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, पार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. मातीची आणि राखेची धूळ, तुसाचा आणि कोळशाचा धूर, भट्टीला लागूनच झोपडी, त्या झोपडीत तीन दगडांची चूल, आणि पाळण्यात मूल. दगडखाणी आणि क्रशरवरची धूळ आणखी वाईट, तिच्यात सिलिका असते, ती फुप्फुसात रुतून बसते आणि काम सोडलं तरी आजार वाढत राहतो. त्यातून सिलिकोसिस झालेल्याला क्षयाची भीती जास्त. आणि क्षयाचं म्हणाल, तर सहा महिन्यांची औषधं पूर्ण घेऊन जंतू मेले तरी फुप्फुसावर जे व्रण राहतात त्यांमुळे दम उरतोच. अशा माणसाला गावात 'टीबी परत उलटला' म्हणून वाळीत टाकल्यासारखं वागवतात. थुंकी तपासून घ्यावी हे बरोबर. पण ती स्वच्छ निघाली तर त्याचा दम हा जुन्या जखमेचा आहे, संसर्गाचा नाही.

आता आम्हाला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. १९५० च्या दशकात चार्ल्स फ्लेचर नावाच्या डॉक्टरने वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांसाठी धापेची एक मोजपट्टी केली. यंत्र नाही, नुसते प्रश्न. फक्त जोराच्या कामाने दम लागतो का? घाईने चालताना किंवा चढावर लागतो का? सपाटीवर आपल्या वयाच्या माणसांपेक्षा हळू चालावं लागतं का? शंभरेक पावलांनी थांबावं लागतं का? कपडे बदलतानाही लागतो का? साधी पट्टी आहे, आजही जगभर वापरतात. पण ती आपल्या पाड्यावर लावून बघा. 'आपल्या वयाच्या माणसांपेक्षा हळू' म्हणजे कोणापेक्षा? त्या पाड्यातल्या तिच्या वयाच्या सगळ्याच बायका चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या आहेत. सगळ्याच हळू चालतात. तुलना करायची तर मापच वाकडं आहे.

दुसरी अडचण याहून खोल. दम हा असा पाहुणा आहे की तो यायच्या आधी माणूस दार लावून घेतो. चढावर दम लागतो ना, मग चढावर जायचं सोडलं. आधी दोन हंडे डोक्यावर, मग एक हंडा, मग कळशी, मग नातीला धाडलं. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं आपल्या उशाला, त्यांचं पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर. त्यामुळे पाण्याची खेप ही आपल्याकडे फ्लेचरच्या पट्टीपेक्षा चांगली पट्टी आहे. आजीला विचारलं, 'दम लागतो का?' ती म्हणते, 'नाय बाबा, आता नाय लागत.' खोटं बोलत नाही ती. ज्याने दम लागायचा ते काम तिने केव्हाच सोडलंय. तेव्हा प्रश्न बदलायला पाहिजे. दम लागतो का, हे विचारू नका. विचारा, 'आजी, गेल्या दोन वर्षांत काय काय करायचं सोडलंस?' म्हशाच्या जत्रेला जायची, ती का जात नाही? लेकीच्या घरी चालत जायची, आता रिक्षा का लागते? यादी निघाली की आजार किती पुढे गेलाय ते कळतं. दुसऱ्याची धाप आपल्याला लागत नाही, तत्त्वज्ञानात यावर जाड जाड ग्रंथ आहेत. सोडलेली कामं मात्र दिसतात.

कोविडच्या काळात घराघरांत एक यंत्र आलं, बोटाला लावायचं. ऑक्सिमीटर. १९७०च्या दशकात ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने त्यामागचं तत्त्व शोधलं. फार उपयोगी यंत्र, पण त्याच्यावर आंधळा विश्वास टाकण्यात धोका आहे, तो समजून घेऊ. ते यंत्र रक्तातला प्राणवायू किती ते सांगत नाही. जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के भरलंय ते सांगतं. समजा शहापुराहून दहा गाड्या निघाल्या आणि दहाही भरलेल्या, तर शंभर टक्के. पाचच गाड्या निघाल्या आणि पाचही भरलेल्या, तरीही शंभर टक्के. बाजारात माल निम्माच पोचला! पंडुरोगात, म्हणजे रक्त कमी असण्यात, नेमकं हेच होतं. बाईला चार पावलांत धाप लागते, छाती धडधडते आणि यंत्र ९८ दाखवतं. घरातले म्हणतात, 'सोंग करतेय.'

महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी. गरोदर असेल तर ११ च्या खाली. ते हळूहळू उतरतं, तेव्हा शरीर जुळवून घेतं, आणि सात-साडेसातवरही बाई लावणी करत असते. आदिवासी समाजांत सिकलसेलही आढळतो, त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, लवकर मरतात. त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, करून घ्यावी.

उलट बाजूही कोविडने दाखवली. प्राणवायू ८० पर्यंत घसरलेला आणि माणूस खाटेवर मोबाइल बघत बसलेला. धाप नाहीच. कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर जात होता, तो साचला नाही, म्हणून मेंदूने ओरडा केला नाही. म्हणजे आकडा चांगला आणि धाप आहे, आकडा वाईट आणि धाप नाही, दोन्ही शक्य. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हेही आता सिद्ध झालंय. थंडीत दार-खिडक्या लावून निखाऱ्याची शेगडी घेऊन झोपणारे लोक आहेत, त्या विषारी वायूत तर ते यंत्र सरळ सरळ फसतं.

हृदयाकडे जरा. हृदय दमलं की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. त्याची खूण म्हणजे आडवं पडलं की दम वाढतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, रुग्णाला विचारा किती उशा घेता. आपल्याकडे उशीच कुठे असते? इथे विचारायचं, 'रात्री उठून ओट्यावर जाऊन बसता का?' झोप लागल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून जाग येते, उठून बसलं की उतरतं, पायांना सूज, बोटाने दाबलं तर खड्डा राहतो. हा दमा नव्हे. एक गोष्ट विशेष करून सुनांच्या बाबतीत सांगतो. लहानपणी घसा वारंवार सुजून सांधे धरतात, तो संधिवाताचा ताप विसरला जातो, पण हृदयाची झडप अरुंद करून ठेवतो. मुलगी वीस-बावीस वर्षांची होते, पहिलटकरीण असते, गरोदरपणात रक्त वाढतं आणि त्या अरुंद झडपेतून ते जाईना. पाचव्या-सहाव्या महिन्यात तिला रात्री धाप लागायला लागते. सासू म्हणते, 'आम्हाला पण लागायची.' इथे वेळ घालवू नये.

साप आणि विंचू ही आपली खास कारणं. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही फारसं, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं जडावतं आणि मग श्वासाचे स्नायू थांबायला लागतात. फुप्फुसं धडधाकट, हवा ओढणाराच नाही. अशा माणसाला 'दम लागला' म्हणून छातीचं औषध देऊन उपयोग काय? प्रतिविष आणि श्वासाचं यंत्र, दुसरा मार्ग नाही. लाल विंचवाच्या दंशाने हृदय थकून फुप्फुसात पाणी भरायचं, तोंडाला गुलाबी फेस यायचा आणि कोकणात पोरं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर चालतं हे दाखवलं आणि ते जगाच्या पुस्तकांत गेलं. त्यांनी ते दाखवलं कसं? पेशंटच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसून, धाप कशी वाढते ते बघून.

तसंच काम गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी लहान मुलांच्या न्यूमोनियावर केलं, ते १९९० साली प्रसिद्ध झालं. अक्षरओळख नसलेल्या दायांना श्वास मोजता यावा म्हणून त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या माळा असलेलं एक साधन बनवलं. आकडे लक्षात ठेवा: दोन महिन्यांच्या आतलं बाळ, मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष, ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं, ४० किंवा जास्त. मूल शांत असताना पूर्ण मिनिट मोजायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजत बसू नका, निघा. आणि पोटावर चटके, बिब्बा अजिबात नको.

मोठ्यांसाठी एवढंच: धापेमुळे एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, छातीत कळ असेल, गुंगी येत असेल, किंवा धाप अचानक एका तासात आली असेल, तर १०८ ला फोन. रस्ता नाही अशा पाड्यावरून डोली करायची वेळ आली तर पेशंटला डोलीत अर्धवट बसतं ठेवा, सपाट झोपवू नका. बरेच जण मायेने आडवं करतात आणि तिथेच घात होतो.

वेळ संपत आला, दोन-तीन प्रश्न घेऊ.

एक दादा विचारताहेत, पंपाची सवय लागते का. नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की लोक पंप लपवून ठेवतात आणि कुठूनतरी पांढरी पुडी आणतात. पुडीने दोन दिवसांत बरं वाटतं, कारण पुष्कळदा तिच्यात स्टेरॉइड असतं, किती ते कोणी सांगत नाही. मग तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. हिशोब बघा. सालब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा भाग. गोळी सगळ्या अंगात फिरते, पंप थेट नळीत जातो. मात्र तो नीट घेता आला पाहिजे. नाही जमलं तर मधे नळकांडं लावतात, त्याला स्पेसर म्हणतात. प्लास्टिकच्या अर्धा लिटरच्या बाटलीचं केलेलंही मुलांना चालतं, हे दक्षिण आफ्रिकेत तपासून पाहिलं गेलंय. बाटलीला भोक कसं पाडायचं ते दवाखान्यात दाखवून घ्या.

दुसरा प्रश्न, गॅस परवडत नाही, चूल सुटत नाही, मग करायचं काय. चूल ठेवून आजार टळेल असं आम्ही सांगणार नाही. पण लाकूड पावसाआधी सुकवून आत घ्या, चुलीवरची दोन कौलं उघडी ठेवा, उन्हाळ्यात स्वयंपाक पडवीत करा, आणि तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नका. डासांची कॉइल बंद खोलीत जाळू नका, मच्छरदाणी बरी. ज्यांना आधीच दम आहे त्यांनी चढावर नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून, फुंकणी हळू फुंकतो तसा, सावकाश सोडावा. नळ्या थोडा वेळ उघड्या राहतात, साचलेली हवा निघते.

मागच्या मावशी काय म्हणतात? सुनेला सातवा महिना आहे, हिमोग्लोबिन साडेसहा निघालं, गोळ्या चालू आहेत, बसल्या जागी धाप लागते, पण बोटाचं मशीन ९८ दाखवतं म्हणून घरातले म्हणतात नऊ तारखेच्या तपासणीला नेऊ. मावशी, ते ९८ विसरा. मघाशी गाड्यांचं सांगितलं ना, तेच हे. साडेसहा आणि सातवा महिना म्हणजे नुसत्या गोळ्यांवर थांबायचं नाही, तिला दाखल करून शिरेतून लोह द्यायचं की रक्त चढवायचं ते डॉक्टर ठरवतील. हृदयही तपासायला सांगा. नऊ तारखेची वाट बघू नका, आजच निघा. तिला फाट्यापर्यंत चालवू नका, इथूनच १०८ ला फोन लावा. आमचा फोन घ्या, रेंज बाहेरच्या पायरीवर येते.